भरवशाचा जुना पिकअप देऊन वापरलेली स्पोर्ट्स कार घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पंधरा वर्षांचा पिकअप, २ लाख ४० हजार किलोमीटर झालेले, अजूनही पहिल्या सेल्फला सुरू होतो. त्याच्या बदल्यात, वर थोडे पैसे देऊन, बारा-पंधरा वर्षांची दोन सीटची स्पोर्ट्स कार मिळते आहे. तिचे ९० हजार किलोमीटर झालेत आणि दिसायला चकाचक आहे. सौदा करावा का, आणि करायचा तर काय तपासावं?

आधी उत्तर. सौदा वाईट नाही, पण तीन गोष्टी जमत असतील तरच करा. रोजच्या कामाला घरात दुसरं वाहन हवं. कारच्या किमतीच्या निदान २० टक्के रक्कम सौद्यानंतरही हातात उरायला हवी. आणि कार गार इंजिनापासून, लिफ्टवर चढवून तपासलेली हवी. यातली एक जरी जमत नसेल तर पिकअप ठेवा आणि थांबा.

दोन्ही गाड्यांची किंमत सारखी निघाली म्हणून सौदा बरोबरीचा होत नाही. पिकअपची सगळी दुखणी तुम्हाला पाठ आहेत. कुठून ऑइल पाझरतं, कोणत्या वेगाला काय थरथरतं, बॅटरी कधी बदलली, सगळं माहीत आहे. समोरच्या गाडीची दुखणी तिच्या मालकाला ठाऊक असतात, कधीकधी त्यालाही नसतात. या अंधारात उडी मारण्याची किंमत म्हणून ते २० टक्के. ते पहिल्या वर्षात खर्च होणारच असं धरून चाला.

पिकअप टिकतो तो नशिबाने टिकत नाही. इंजिन मोठं, फेऱ्या कमी. बहुतेक आयुष्य १,५०० ते २,५०० आरपीएममध्ये (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) जातं. वेगळी शिडीसारखी चासी, मागे पाटे, जाड एक्सल, टनभर ओझ्याच्या हिशोबाने बसवलेली बेअरिंग. रिकामा फिरताना त्याचे बरेचसे भाग आपल्या ताकदीच्या अर्ध्यावरही नसतात. म्हणूनच ऑइल बदलायला दोन-तीन हजार किलोमीटर उशीर झाला, कूलंट चार वर्षं तेच राहिलं, तरी तो सांभाळून घेतो. स्पोर्ट्स कारकडे ही शिल्लक नसते. होंडा एस२०००चं दोन लिटरचं इंजिन ९,००० आरपीएमपर्यंत फिरवायला बनवलंय. तिथे लिटरभर ऑइल कमी असणं म्हणजे बेअरिंगचा जीव धोक्यात. पिकअपबरोबर लागलेली ‘पुढच्या महिन्यात बघू’ ही सवय या गाडीत आणली तर चांगली कारही दोन वर्षांत खराब होते.

खर्चाचा अंदाज बांधताना एक चूक जवळजवळ सगळेच करतात: कारच्या आजच्या किमतीवरून सुट्या भागांचा अंदाज बांधतात. गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. नवी असताना जी गाडी महाग होती तिच्या ब्रेक डिस्क आणि शॉक अॅब्सॉर्बर आजही त्याच पातळीला मिळतात. मजुरीचंही तेच. पिकअपचा क्लच बदलायला खालून हात जातो, जागा मोकळी असते. इंजिन मध्यभागी असलेल्या गाडीत ते नुसतं डोळ्यांनी बघायचं तरी आधी झाकणं आणि पॅनेल काढावी लागतात. टायरचं गणित वेगळंच. पिकअपचे कडक रबराचे टायर साधारण ६० हजार किलोमीटर जातात. मऊ रबराचे मागचे टायर २० ते २५ हजारांत संपतात, आणि पुढे-मागे वेगळी मापं असतील तर त्यांची अदलाबदल करून आयुष्य वाढवता येत नाही.

हे पटलं की पिकअपचं काम कागदावर मांडा. गेल्या वर्षभरात हौद्यात काय काय टाकलं, ट्रेलर किती वेळा ओढला, कच्च्या रस्त्याने किती वेळा गेलात? २०१५ साली आलेल्या मॅझ्दा एमएक्स-५ची डिकी साधारण १३० लिटरची आहे, म्हणजे दोघांच्या दोन मऊ बॅगा आणि संपलं. पिकअपची जमिनीपासूनची उंची २०० मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त असते, अशा कारची १२० ते १३५. घरचा रॅम्प आणि रोजच्या वाटेवरचे स्पीडब्रेकर या आकड्यांशी ताडून बघा. विम्याचा हप्ता आधी विचारून घ्या. सौदा झाल्यावर तो कळला की उशीर झालेला असतो.

आता कार कोणती, हा सगळ्यात मोठा मुद्दा. प्रश्नात मॉडेल दिलेलं नाही, म्हणून या किमतीत नेहमी समोर येणाऱ्या गाड्या आणि त्यांची ठरलेली दुखणी सांगायला हवीत.

पहिल्यांदा स्पोर्ट्स कार घेणाऱ्यासाठी सगळ्यात सुरक्षित निवड एमएक्स-५. १९८९पासून बनतेय, यंत्र साधं आहे, भाग सहज मिळतात. तिचं खरं दुखणं गंज. कापडी छताचं पाणी सीटच्या मागच्या दोन छिद्रांतून खाली जातं. ती पानांनी, मातीने तुंबली की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साचतं आणि पत्रा आतून खातो. मागच्या चाकाच्या अगदी पुढे, खालच्या बाजूला बोटाने दाबून बघा. रंग फुगलेला असेल तर आत पत्रा उरलेला नाही असं समजा. पहिल्या दोन पिढ्यांत टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा पट्टा) आहे. साधारण १ लाख किलोमीटरला बदलतात, पण इतक्या जुन्या गाडीत वयानेच तो संपलेला असतो. बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा.

पोर्श बॉक्सस्टर (पिढीचा क्रमांक ९८६) आणि त्याच काळातली ९११ (पिढी ९९६) आज मोहात पाडणाऱ्या भावात दिसतात. दोन्ही १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आल्या. टर्बो आणि जीटी३ सोडल्या तर त्यांच्या इंजिनातलं इंटरमीडिएट शाफ्टचं (क्रँककडून टायमिंग चेनला गती देणाऱ्या मधल्या दांड्याचं) बेअरिंग हे सगळ्यांना माहीत असलेलं दुखणं. साधारण २००० ते २००५ दरम्यानच्या एकेरी ओळीच्या बेअरिंगमध्ये धोका जास्त. ते तुटलं की टायमिंग बिघडतं आणि पूर्ण इंजिन जातं. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवला की त्याच वेळी ते बदलता येतं, म्हणून क्लचच्या पावतीवर बेअरिंगचाही उल्लेख आहे का ते बघा. २००६ ते २००८च्या इंजिनांत बेअरिंग मोठं आणि जास्त टिकाऊ आहे, पण इंजिन उघडल्याशिवाय ते बाहेर येत नाही. २००९च्या मॉडेलांपासूनच्या नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही. बॉक्सस्टरमध्येही छताची निचऱ्याची छिद्रं तुंबतात आणि पाणी सीटखालच्या इमोबिलायझरपर्यंत (किल्ली ओळखून गाडी सुरू होऊ देणारं यंत्र) पोहोचतं. ते मॉड्यूल भिजलं की गाडी सुरूच होत नाही. सीटखालच्या गालिच्यावर तळहात दाबून ओल लागते का बघायला अर्धं मिनिट पुरतं.

बीएमडब्ल्यूची ई४६ एम३ (२००० ते २००६) घ्यायची तर तीन गोष्टी. पहिली, मागची सबफ्रेम (मागच्या चाकांचे भाग धरणारी चौकट) जिथे बॉडीच्या तळपत्र्याला बसते तिथे तडे. लिफ्टवर चढवून, चिखल पुसून, टॉर्चच्या उजेडात स्पॉट वेल्डिंगचे टिपके एकेक बघावे लागतात. दुसरी, कनेक्टिंग रॉडची बेअरिंग. सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांसाठी कंपनीने ती बदलून दिली होती, तो कागद मागा. तिसरी, व्हॅनोस, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा. याशिवाय व्हॉल्व्हचं अंतर ठरावीक काळाने हाताने जुळवावं लागतं आणि ऑइल १०डब्ल्यू-६०च लागतं. मालकाला हे ऑइल माहीत नसेल तर त्याने गाडी कशी सांभाळली असेल याचा अंदाज येतो.

मॅझ्दा आरएक्स-८ (२००३ ते २०१२) भाव बघून घेऊ नका. तिचं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं) मुद्दाम ऑइल जाळतं, त्याच्या अॅपेक्स सीलना (रोटरच्या कोपऱ्यांवरच्या पट्ट्यांना) त्यानेच वंगण मिळतं. गाडी सुरू करून दोन मीटर पुढे घेतली आणि लगेच बंद केली की इंजिनात पेट्रोल साचतं आणि पुन्हा सुरू होताना त्रास देतं. इंजिनातला दाब मोजणारा साधा कॉम्प्रेशन गेज इथे चालत नाही, दोन्ही रोटरच्या तिन्ही बाजू वेगवेगळ्या दाखवणारा खास टेस्टर लागतो. तो जवळपास कुणाकडे नसेल तर ही गाडी तुमच्यासाठी नाही.

टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड या जोडगोळीतल्या २०१२-१३च्या गाड्यांसाठी व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) निघाला होता. ते काम इंजिनात खोल शिरून करावं लागतं, म्हणून झालं का आणि कुणी केलं, दोन्ही विचारा. निसान ३७०झेडमध्ये क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोहोचवणारा भाग) गिअरबॉक्सच्या आत आहे आणि तो अचानक गळतो. पेडल एकदम तळाला जाऊन बसतं. आणि कोणत्याही टर्बो गाडीत कुणीतरी ‘मॅप’ टाकून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून, ताकद वाढवली असेल आणि त्याचे कागद नसतील तर हात जोडून परत फिरा.

तपासणीची सुरुवात गार इंजिनापासून. मालकाला आदल्या दिवशीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर आधी बॉनेट उघडून इंजिनाच्या झाकणावर हात ठेवा. इंजिन मागे किंवा मध्ये असेल तर सायलेन्सरच्या टोकाला. कोमट लागलं तर सरळ विचारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी या. गरम इंजिन बरंच काही लपवतं.

मग ऑइलचं झाकण काढून आतली बाजू बोटाने पुसा. पिवळसर, लोण्यासारखा थर असेल तर एकतर गाडी फक्त छोट्या फेऱ्या मारते किंवा ऑइलमध्ये कूलंट जातंय. कूलंटच्या टाकीत तेलकट तवंग दिसला तर दुसरीच शक्यता खरी. आता एसी आणि रेडिओ बंद, काच खाली, आणि किल्ली फक्त दिव्यांपर्यंत फिरवा. इंजिनचा, एअरबॅगचा, एबीएसचा, तिन्ही दिवे आधी लागले पाहिजेत आणि मग, उशिरात उशिरा इंजिन सुरू झाल्यावर, विझले पाहिजेत. जो दिवा लागतच नाही त्याचा बल्ब काढलेला असू शकतो. अपघातात फुटलेली एअरबॅग लपवण्याची ही जुनी युक्ती आहे.

सेल्फ मारा आणि पहिले दहा सेकंद काही बोलू नका, फक्त ऐका. टायमिंग चेन असलेल्या इंजिनात सुरुवातीला दोन-तीन सेकंद खडखड झाली आणि थांबली, तर टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) थकलाय. ती थांबलीच नाही तर तिथेच सौदा थांबवा. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढणारा खोल ठकठक आवाज म्हणजे बेअरिंग. तोवर बरोबरच्या माणसाने मागे उभं राहून धूर बघावा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा म्हणजे कूलंट. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. आडव्या सिलिंडरचं इंजिन बरेच दिवस उभं असेल तर सुरू होताना निळ्या धुराचा एक लोट येतो आणि जातो. पोर्शमध्ये तेवढ्यावरून घाबरू नये. रोज येत असेल तर मात्र विचार करावा.

रस्त्यावर निदान ४० मिनिटं चालवा. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा झपकन वर गेला आणि गाडी त्या मानाने पुढे गेली नाही, तर क्लच घसरतोय. गिअरबॉक्स गार असतानाच दुसरा गिअर टाकून बघा, कारण झिजलेला सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणारी कडी) तिथेच किरकिरतो आणि तेल तापलं की गप्प बसतो. अॅक्सिलरेटर सोडताना-दाबताना मागून ‘टक’ आवाज आला तर डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर), त्याचे बुश किंवा प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट बघावे लागतील. मोकळ्या जागेत सावकाश आठचा आकडा काढा. मागचं चाक उड्या मारत असेल तर लिमिटेड स्लिप (एकच चाक घसरत फिरू न देणाऱ्या) डिफरन्शियलमध्ये चुकीचं तेल आहे किंवा त्याच्या प्लेटा संपल्यात. परत आल्यावर गाडी बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा. गरम इंजिन सुरू व्हायला त्रास देणं हा वेगळाच दोष असतो.

हे सगळं चांगलं निघालं तरच पैसे खर्चून लिफ्टवर न्या, आणि तेही त्याच मॉडेलवर काम करणाऱ्या मेकॅनिककडे. कॉम्प्रेशनमध्ये सिलिंडरांचा आपसातला फरक १० ते १५ टक्क्यांच्या आत हवा. लीक-डाउन चाचणीत (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती निसटते ते बघणं) १० टक्क्यांपर्यंत गळती छान, २० च्या वर गेली तर इंजिन काम जवळ आलंय. रंगाची जाडी मोजणारं मीटर असेल तर कंपनीचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन दाखवतो. ३०० च्या वर पुन्हा रंगवलेलं, हजाराच्या वर खाली पुट्टी. मात्र हे मीटर प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही आणि अॅल्युमिनियमच्या पॅनेलसाठी त्या धातूवर चालणारं लागतं. स्कॅनर लावला की फक्त फॉल्ट कोड बघून थांबू नका, रेडीनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का ते) बघा. ते ‘अपूर्ण’ असतील तर कुणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. पोर्शच्या कंट्रोल युनिटमध्ये इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरलं याची नोंद असते. चुकून खालचा गिअर टाकून झालेला प्रकार तिथे पकडला जातो.

एवढं करून मन पूर्ण भरलं नसेल आणि मालक तयार असेल, तर ऑइल फिल्टर काढून उघडा. पत्र्याच्या डब्यातला असेल तर कटरने कापा. आतली कागदाची घडी सोडवून उन्हात पसरा आणि हळूहळू तिरकी करा. थोडी काळी कीट असणारच. तिच्यात चमचम दिसली की लोहचुंबक फिरवा. चिकटले ते कण पोलादाचे, म्हणजे चेन, कॅम किंवा रोलर-बॉल बेअरिंगचे. न चिकटणारे, तांबूस किंवा मऊ राखाडी कण कनेक्टिंग रॉडच्या आणि क्रँकच्या बेअरिंगचे असू शकतात. अशी गाडी कितीही सुंदर असली तरी तिथेच सोडा.

९० हजार किलोमीटर खरे आहेत का, हे मीटरवरून कळत नाही. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, क्लच पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची चकाकी यांचं वय सारखं दिसलं पाहिजे. पेडलचं रबर कोरं आणि सीट फाटकी, म्हणजे रबर बदललंय. टायरच्या बाजूला डीओटी कोडच्या शेवटी चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचे टायर, नक्षी कितीही उरलेली असली, किमतीतून वजा करा. सतरा अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) बॉडीवर जिथे जिथे असेल तिथे तिथे तोच, आणि कागदावरही तोच हवा. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात.

आता पिकअपचं. विक्रेत्याकडे अदलाबदल, आधी स्वतः विकून मग खरेदी, किंवा दोन मालकांत थेट बदली, असे तीन मार्ग आहेत. विक्रेत्याकडे सोपं पडतं, आणि काही ठिकाणी कर फक्त फरकाच्या रकमेवर लागतो, पण जास्त चाललेल्या पिकअपला तो पडेल भाव देतो. ज्याला हौद्याची खरी गरज आहे असा माणूस त्याच गाडीला चांगला भाव देतो, म्हणून वेळ असेल तर स्वतः विका. विक्रेत्याकडेच जायचं असेल तर पिकअपची किंमत आणि कारची किंमत वेगवेगळी लिहून घ्या. पिकअपला वाढवून दिलेले पैसे कारच्या किमतीत मिसळले जातात. शेवटी तुमच्या खिशातून वर किती जातात तेवढाच आकडा खरा.

पिकअपवर विक्रीआधी मोठा खर्च करू नका. ऑइल-फिल्टर बदला, जळके बल्ब बदला, हौदा आणि चासी धुवा. इंजिनावर मात्र प्रेशरने पाणी मारू नका, कनेक्टरमध्ये पाणी जाऊन नको ते दिवे लागतात. पावत्या तारखेप्रमाणे लावा आणि माहीत असलेले दोष स्वतःहून सांगा. थेट बदलीत घाईने इसार देऊ नका. दोन्ही गाड्यांवरचा कर्जाचा बोजा उतरलाय याचा कागद, दोघांच्या सह्यांची तारीख आणि वेळ, वरची रक्कम बँकेतून, आणि नाव बदलण्याचे अर्ज त्याच दिवशी. विमा किल्ली हातात येण्याआधी सुरू झालेला हवा.

कार घरी आली की पहिल्या आठवड्यात सगळी द्रवं बदला, मालकाने काहीही सांगितलेलं असो. इंजिन ऑइल एमएक्स-५ला साधारण चार लिटर लागतं, जुन्या बॉक्सस्टरला आठ-नऊ, त्यामुळे आधी पुस्तिका बघून मगच खरेदी करा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डीओटी ४ निदान २३०°से.ला उकळतं, ओल शोषल्यावर ही हमी १५५° पर्यंत उतरते, आणि घाटउतारावर पेडल मऊ पडतं ते यामुळेच. दर दोन वर्षांनी बदला. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या तेलात गल्लत करू नका. डिफरन्शियलला जीएल-५ प्रतीचं गिअर तेल लागतं, पण त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळी सिंक्रोला मानवत नाहीत, म्हणून पुस्तिकेत जीएल-४ लिहिलं असेल तर तेच घाला. आणि तेल सोडण्याआधी भरण्याचा बोल्ट आधी उघडून बघा. तो गंजून अडकला असेल आणि खालचं तेल सोडून दिलं असेल, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसण्याची वेळ येते.

कूलंट, प्लग, एअर फिल्टर, बाहेरचे बेल्ट आणि बॅटरी वयानुसार बदला. मग चारही चाकांचं अलाइनमेंट करून त्याची छापील प्रत जपून ठेवा.

पहिले १,००० किलोमीटर दर २५० किलोमीटरला, सपाट जागी, ऑइलची पातळी बघून वहीत लिहा. इंजिन किती ऑइल खातं हे त्या चार नोंदींवरून कळतं. ते कळेपर्यंत, आणि तेल पूर्ण तापेपर्यंत, ४,००० आरपीएमच्या वर नेऊ नका.